एक्स्टेन्शन बसते, पण स्क्रिप्ट चालत नाही: फाइल परवानग्यांचा पुन्हा पुन्हा उद्भवणारा दोष

लक्षणे

ज्याने ब्राउझरचे एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, बांधले त्याच्या संगणकावर ते बिनतक्रार चालते, आणि दुसऱ्याच्या संगणकावर बसवले की त्याचा अर्धाच भाग चालतो. टूलबारवर चित्र दिसते, मेनू उघडतो, सेटिंगही जतन होतात. मात्र ज्या कामासाठी ब्राउझरबाहेरची एखादी स्क्रिप्ट (आज्ञांची फाइल) सुरू व्हावी लागते ते काम होत नाही. हे सर्वांत ओळखीचे लक्षण होय. दुसरे लक्षण अधिक त्रासदायक आहे: एकदा दुरुस्त केलेले एक्स्टेन्शन काही आठवडे नीट चालते आणि नवी आवृत्ती आली की त्याच जागी पुन्हा अडते. तिसरे लक्षण कार्यालयांतील सामायिक संगणकांवर दिसते. ज्या खात्यातून एक्स्टेन्शन बसवले त्या खात्यात ते चालते, पण त्याच संगणकावरील दुसऱ्या व्यक्तीच्या खात्यात चालत नाही.

क्रोममध्ये अशा वेळी कन्सोलमध्ये, म्हणजे त्रुटी दाखवणाऱ्या खिडकीत, ‘नेटिव्ह होस्ट हॅज एक्झिटेड’ हा संदेश बहुधा आढळतो; नेटिव्ह होस्ट म्हणजे ब्राउझरबाहेरची तीच स्क्रिप्ट. फायरफॉक्सचा ब्राउझर कन्सोल जरा मोकळेपणाने बोलतो आणि अमुक मार्गावरची फाइल अस्तित्वात नाही किंवा ती चालवण्याजोगी नाही, असे सांगतो. विकासक आपले एक्स्टेन्शन फोल्डरमधून थेट भरत असेल आणि क्रोम ‘मॅनिफेस्ट फाइल इज मिसिंग ऑर अनरीडेबल’ (मॅनिफेस्ट म्हणजे एक्स्टेन्शनची माहिती देणारी फाइल) असे म्हणत असेल, तर तो दोषही याच कुळातला असू शकतो, पण त्याचा उपाय वेगळा आहे आणि तो पुढे दिला आहे.

मी सांभाळत असलेले एक्स्टेन्शन निवडलेला मराठी मजकूर संगणकावरील हनस्पेल या शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रॅमकडे पाठवते आणि शंकास्पद शब्द परत आणून दाखवते. ब्राउझरला हनस्पेल थेट चालवता येत नाही, म्हणून मध्ये पायथनची साठेक ओळींची एक स्क्रिप्ट आहे. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींपैकी बहुतेक या साठ ओळींबद्दलच्या नसतात. त्या फाइलवरील एका बिटाबद्दलच्या, म्हणजे परवानगीच्या एका खुणेबद्दलच्या, असतात. तीच दुरुस्ती इतक्यांदा करून झाली आहे की तिचा क्रम आता हाताला बसला आहे, आणि तोच येथे मांडत आहे. आज्ञांची आणि फाइलींची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत; टर्मिनलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत टंकावीत.

आधी कोणती स्क्रिप्ट, ते ठरवा

एक्स्टेन्शनच्या संदर्भात ‘स्क्रिप्ट’ हा एकच शब्द दोन अगदी भिन्न वस्तूंना लावला जातो, आणि निम्मा गोंधळ तेथेच सुरू होतो. पॅकेजच्या आतील जावास्क्रिप्ट फाइली ब्राउझर स्वतः वाचतो आणि स्वतःच्या इंजिनात चालवतो. ऑपरेटिंग सिस्टिमच्या दृष्टीने त्या केवळ वाचण्याच्या फाइली आहेत, त्यामुळे त्यांना एक्झिक्यूट बिटची, म्हणजे चालवण्याच्या परवानगीची, कधीही गरज नसते. याउलट नेटिव्ह मेसेजिंगसाठीची, म्हणजे एक्स्टेन्शन आणि बाहेरचा प्रोग्रॅम यांच्यातील संदेशांसाठीची, स्क्रिप्ट ऑपरेटिंग सिस्टिम एक स्वतंत्र प्रोग्रॅम म्हणून सुरू करते. तिला मात्र वाचण्याची आणि चालवण्याची अशा दोन्ही परवानग्या लागतात.

याशिवाय एक्स्टेन्शनच्या मॅनिफेस्टमध्ये ‘परमिशन्स’ नावाची एक यादी असते. तिचा फाइलींच्या परवानग्यांशी काहीही संबंध नाही. एक्स्टेन्शनला ब्राउझरमधील टॅब, कुकी अशा गोष्टी वापरता याव्यात की नाही, एवढेच ती ठरवते. नेटिव्ह मेसेजिंगसाठी त्या यादीत ‘नेटिव्हमेसेजिंग’ ही नोंद हवी, हे खरे. पण ती नोंद असूनही स्क्रिप्ट चालत नसेल तर यादीत आणखी नोंदी वाढवून काहीच साधणार नाही. मी अशी एक्स्टेन्शने पाहिली आहेत की ज्यांत स्क्रिप्ट चालावी म्हणून सर्व संकेतस्थळांची परवानगी मागून ठेवली होती. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा तो प्रकार.

पहिली तपासणी: संदेश नीट वाचा

ही तपासणी फुकट आहे आणि बऱ्याच वेळा पुढचा अर्धा तास वाचवते, कारण क्रोमचे तीन संदेश वरवर सारखे वाटले तरी ते तीन वेगळ्या दोषांकडे बोट दाखवतात. ‘होस्ट नॉट फाउंड’ म्हणजे होस्टची माहिती देणारी मॅनिफेस्ट फाइल ब्राउझरला ठरलेल्या जागी मिळाली नाही, किंवा मिळाली पण तिच्यात लिहिलेल्या मार्गावर स्क्रिप्ट दिसली नाही. ‘ॲक्सेस फॉरबिडन’ या संदेशात परवानगीचा उल्लेख असल्यामुळे लोक लगेच फाइलीच्या परवानग्या बदलायला धावतात. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा की होस्टच्या मॅनिफेस्टमधील ‘अलाउड ओरिजिन्स’ या यादीत तुमच्या एक्स्टेन्शनची ओळख नाही. बहुतेक वेळा तेथे विकासकाच्या संगणकावरचा आयडी राहून गेलेला असतो, किंवा ओळखीच्या शेवटची तिरकी रेघ गाळलेली असते. फायरफॉक्समध्ये याच यादीचे नाव ‘अलाउड एक्स्टेन्शन्स’ असे आहे आणि तिच्यात एक्स्टेन्शनचा आयडी वेगळ्या पद्धतीने लिहितात, त्यामुळे दोन्ही ब्राउझरांसाठी एकच मॅनिफेस्ट फाइल वापरता येत नाही.

‘होस्ट हॅज एक्झिटेड’ हा तिसरा संदेश आला, तर मात्र मार्ग सापडला, ओळखही पटली आणि स्क्रिप्ट सुरू करण्याचा प्रयत्नही झाला, असे समजावे. घोडे पेंड खाते ते नेमके येथे, आणि पुढच्या बहुतेक तपासण्या याच संदेशासाठी आहेत.

दुसरी तपासणी: स्क्रिप्ट स्वतः चालवून पाहा

टर्मिनल उघडा आणि स्क्रिप्टचा संपूर्ण मार्ग टंकून ती चालवा. येथे एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो: ‘पायथन३’ असे आधी लिहून मग स्क्रिप्टचे नाव देतो, स्क्रिप्ट व्यवस्थित चालते आणि तो म्हणतो की स्क्रिप्टमध्ये काही दोष नाही. असे चालवताना पायथन हा प्रोग्रॅम असतो आणि तुमची स्क्रिप्ट त्याने वाचायची फाइल; म्हणजे एक्झिक्यूट बिट आणि पहिली ओळ या ज्या दोन गोष्टी तपासायच्या, त्याच दोन्ही वगळल्या जातात. लिनक्सवर आणि मॅकवर ब्राउझर होस्टच्या मॅनिफेस्टमधला मार्ग जसाच्या तसा सुरू करतो, म्हणून तुम्हीही तसाच सुरू करायला हवा.

याचे तीन निकाल संभवतात. स्क्रिप्ट काहीही न बोलता थांबून राहिली, तर ती निरोगी आहे. ब्राउझरकडून येणाऱ्या संदेशाच्या आधी त्याची लांबी सांगणारे चार बाइट येतात आणि स्क्रिप्ट त्यांचीच वाट पाहत असते. कंट्रोल आणि डी दाबून ती बंद करता येते. ‘परमिशन डिनाइड’ असे उत्तर आले तर तिसऱ्या तपासणीकडे जावे. फाइल समोर दिसत असूनही ‘नो सच फाइल’ असे उत्तर आले, किंवा इंटरप्रिटर (स्क्रिप्ट वाचून चालवणारा प्रोग्रॅम) चुकीचा असल्याचे सांगितले गेले, तर चौथी तपासणी पाहावी. शब्दांवर विश्वास नसेल तर लगेच शेवटच्या आज्ञेचा निकाल-क्रमांक छापून बघा. शेलच्या, म्हणजे टर्मिनलमधील आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, संकेताप्रमाणे १२६ म्हणजे फाइल सापडली पण चालवता आली नाही, आणि १२७ म्हणजे सापडलीच नाही.

हाताने चालवल्यावर स्क्रिप्ट पडद्यावर ‘सुरुवात झाली’ असा एखादा आपुलकीचा संदेश छापत असेल, तर तो आधी काढून टाका. स्क्रिप्टचे साधारण आउटपुट हीच ब्राउझरशी बोलण्याची नळी आहे. तिच्यात एक जादा शब्द गेला तरी ब्राउझर त्याचे पहिले चार बाइट लांबी म्हणून वाचतो आणि संभाषण मोडते. दोष शोधण्यासाठी काही छापायचेच असेल तर ते त्रुटींच्या आउटपुटवर छापावे. फायरफॉक्स ते ब्राउझर कन्सोलमध्ये दाखवतो, आणि क्रोम टर्मिनलमधून सुरू केला असेल तर ते त्या टर्मिनलमध्ये दिसते.

तिसरी तपासणी: परवानगीचा बिट

‘एलएस’ ही आज्ञा ‘एल’ या पर्यायासह स्क्रिप्टवर चालवली की ओळीच्या सुरुवातीला दहा अक्षरांचा एक पुंजका येतो. पहिले अक्षर फाइलीचा प्रकार सांगते आणि उरलेली नऊ तीन-तीनच्या गटांत मालक, गट आणि इतर यांच्या परवानग्या सांगतात. आपल्याला हव्या त्या फाइलीत तिन्ही गटांच्या शेवटी ‘एक्स’ हे अक्षर दिसले पाहिजे. तेथे आडवी रेघ असेल तर दोष सापडला. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २ आणि चालवण्याचा १, अशी बेरीज करून ही परवानगी आकड्यांत लिहितात. असा दोष असलेल्या फाइलीचा आकडा बहुतेक वेळा ६४४ असतो आणि तो ७५५ करायचा असतो. ‘सीएच-मॉड’ ही आज्ञा ७५५ या आकड्यासह दिली की काम झाले.

७७७ देऊ नका. इंटरनेटवर हा आकडा रामबाण म्हणून वाटला जातो आणि तो लागूही पडतो, म्हणूनच तो अधिक धोक्याचा आहे. त्याने संगणकावरील कोणत्याही खात्याला ती स्क्रिप्ट बदलण्याची मुभा मिळते, आणि बदललेली स्क्रिप्ट तुमचा ब्राउझर तुमच्या नावाने, तुमच्या सर्व फाइलींवरच्या अधिकारांसह चालवतो. चालवण्याची परवानगी कमी पडत असताना लिहिण्याची परवानगी वाटून काय मिळवायचे?

विंडोजवर हा बिटच नसतो. तेथे होस्टची नोंद रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, असते, आणि पायथनची फाइल थेट सुरू करता येत नसल्याने मॅनिफेस्टमध्ये तिला हाक मारणाऱ्या छोट्या बॅच फाइलीचा मार्ग द्यावा लागतो. त्यामुळे विंडोजवरून ‘परवानगीची अडचण’ म्हणून आलेली तक्रार मी आधी याच बाजूने तपासतो.

चौथी तपासणी: पहिली ओळ आणि ओळींचे शेवट

बिट जागेवर असूनही स्क्रिप्ट सुरू होत नसेल तर तिच्या पहिल्या ओळीकडे पाहावे. हॅश (ज्याला पौंडही म्हणतात) आणि उद्गारचिन्ह यांनी सुरू होणारी ही ओळ ऑपरेटिंग सिस्टिमला सांगते की ही फाइल कोणत्या इंटरप्रिटरकडे द्यायची. फाइल विंडोजवरच्या संपादकात जतन झाली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे कॅरेज रिटर्न चिन्ह चिकटते, आणि मग सिस्टिम ‘पायथन३’ नव्हे तर शेवटी ते चिन्ह असलेला ‘पायथन३’ शोधू लागते, जो जगात कोठेच नसतो. ‘फाइल’ ही आज्ञा स्क्रिप्टवर चालवली की ती सीआर-एलएफ, म्हणजे हे चिन्ह असलेले, शेवट असल्याचे स्पष्ट सांगते. हा दोष खरे तर परवानगीचा नाही, पण ब्राउझरमध्ये तो अगदी तसाच दिसतो, म्हणून या यादीत त्याला जागा द्यावी लागते. कायमचा उपाय म्हणजे गिटच्या (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या) ‘गिटॲट्रिब्यूट्स’ फाइलीत अशा स्क्रिप्टींसाठी एलएफ, म्हणजे त्या चिन्हाविना असलेला, शेवट सक्तीचा करून ठेवणे.

पाचवी तपासणी: फाइलीपर्यंतचा रस्ता

फाइलीची परवानगी निर्दोष असली तरी तिच्यापर्यंतच्या प्रत्येक फोल्डरमध्ये शिरण्याची परवानगी लागते, आणि फोल्डरच्या बाबतीत ‘एक्स’ या अक्षराचा अर्थ शिरण्याची मुभा असाच असतो. वाड्याच्या आतल्या खोलीची किल्ली खिशात असून दिंडीदरवाजा बंद असावा, तसे हे आहे. गंमत अशी की अशा वेळी क्रोमला ती फाइल दिसतच नाही, म्हणून संदेश येतो तो ‘सापडला नाही’ असा, आणि माणूस मार्गातील शुद्धलेखन तपासत बसतो.

यासाठी लिनक्सवर ‘नेमआय’ नावाची एक आज्ञा आहे. तिला ‘एल’ हा पर्याय आणि स्क्रिप्टचा संपूर्ण मार्ग दिला की मुळापासून फाइलीपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरचा मालक आणि त्याच्या परवानग्या एकाखाली एक छापल्या जातात. ही आज्ञा फारशी कोणाला ठाऊक नसते, आणि मला तर ती या सगळ्या खटाटोपातली सर्वांत मोलाची वाटते. सामायिक संगणकांवरचे ते तिसरे लक्षण हिच्यामुळे एका नजरेत उलगडते. लिनक्सच्या उबुंटू या प्रकारात २१.०४ या आवृत्तीपासून नव्या खात्याचे होम फोल्डर ७५० या परवानगीने तयार होते, म्हणजे इतर खात्यांना त्यात शिरता येत नाही. त्यामुळे एका खात्याच्या होम फोल्डरात ठेवलेली स्क्रिप्ट सर्वांसाठी म्हणून नोंदवली तर ती त्या एकासाठीच चालते. होम फोल्डर सर्वांना खुले करणे हा यावरचा उपाय नव्हे. स्क्रिप्ट ‘ऑप्ट’ किंवा ‘यूएसआर’ खालच्या सामायिक जागी हलवावी आणि मॅनिफेस्टमधला मार्ग बदलावा. लिनक्सवर आणि मॅकवर हा मार्ग मुळापासून लिहिलेला, म्हणजे पूर्ण, असावा लागतो. सापेक्ष मार्ग फक्त विंडोजवर चालतो.

सहावी तपासणी: वाचण्याची परवानगी

आता ती मॅनिफेस्ट न वाचता येण्याची तक्रार. विकासकाने पॅकेज बांधण्याची आज्ञा एकदा सुडो लावून (प्रशासकाच्या अधिकाराने) चालवली की तयार झालेल्या फाइलींचा मालक रूट, म्हणजे प्रशासकाचे खाते, होतो, आणि यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या ठरवणारे सेटिंग) कडक असेल तर त्या इतरांना वाचताही येत नाहीत. मालकी परत आपल्या नावावर करून फाइलींना ६४४ आणि फोल्डरांना ७५५ द्यावे. सरसकट सर्वांना एकच आकडा देऊ नये, कारण फोल्डरला ६४४ दिले तर त्यात शिरता येणार नाही.

पायथनने पॅकेज बांधणाऱ्यांसाठी येथे एक खास खळगा आहे. ‘झिपफाइल’ या मॉड्यूलमधील ‘राइट-एसटीआर’ या फंक्शनला नुसते नाव आणि मजकूर दिला, तर त्या नोंदीवर ६०० ही परवानगी लिहिली जाते. अशा पॅकेजातील फाइली मूळ परवानग्यांसह उलगडून सामायिक फोल्डरात ठेवल्या की मालकाशिवाय कोणालाच वाचता येत नाहीत. आवृत्ती-क्रमांक घालून मॅनिफेस्ट जागच्या जागी तयार करणाऱ्या बिल्ड-स्क्रिप्टींमध्ये हा दोष हमखास आढळतो, कारण नेमकी मॅनिफेस्ट फाइलच या फंक्शनने लिहिलेली असते आणि बाकीच्या सर्व फाइली ठीक असतात.

सातवी तपासणी: बिट वाटेत कोठे गळतो

वरच्या तपासण्यांनी आजचे काम भागते. दोष दर आवृत्तीला परतत असेल तर मात्र दुखणे वापरणाऱ्याच्या संगणकात नसून पॅकेज बांधण्याच्या वाटेवर आहे, आणि ती वाट टप्प्याटप्प्याने चालून पाहावी लागते.

फायरफॉक्सचे एक्सपीआय आणि क्रोमचे सीआरएक्स ही दोन्ही पॅकेजे मुळात झिप आहेत. सीआरएक्समध्ये झिपच्या आधी सहीचा मथळा जोडलेला असतो. झिपच्या शेवटी असलेल्या केंद्रीय सूचीत प्रत्येक फाइलीसाठी ३२ बिटांचे एक ‘बाह्य गुणधर्म’ नावाचे घर असते आणि युनिक्सवर बनवलेल्या झिपमध्ये त्याच्या वरच्या १६ बिटांत परवानग्या लिहिल्या जातात. झिप कोणत्या सिस्टिमवर बनले याचीही नोंद शेजारीच असते. ‘झिपइन्फो’ ही आज्ञा हे सर्व उघड दाखवते: ओळीच्या सुरुवातीला परवानग्यांचा पुंजका आणि त्यानंतर ‘यूएनएक्स’ किंवा ‘फॅट’ असा शेरा. ‘फॅट’ दिसले की समजावे, झिप बहुधा विंडोजवर बांधले गेले आहे आणि त्यात एक्झिक्यूट बिट ठेवायला जागाच वापरलेली नाही.

बिट झिपमध्ये असला तरी तो उलगडताना टिकेलच असे नाही. लिनक्सवरची नेहमीची ‘अनझिप’ आज्ञा तो परत लावते. पायथनच्या ‘झिपफाइल’मधले ‘एक्स्ट्रॅक्ट-ऑल’ लावत नाही. म्हणजे ज्या इन्स्टॉलरात पायथनने झिप उलगडले जाते तेथे पॅकेज कितीही काळजीपूर्वक बांधा, स्क्रिप्ट ६४४ होऊनच बाहेर पडणार. गिटहबच्या स्वयंचलित बिल्डमध्ये एका टप्प्यातून दुसऱ्याकडे फाइली पाठवणारी ‘अपलोड-आर्टिफॅक्ट’ ही क्रियाही फाइलींच्या परवानग्या जपत नाही. सर्व फाइली ६४४ होतात. तेथे आधी टार (फाइलींचे एकत्र गाठोडे) करून मग तो एकच टार पाठवावा, कारण टार आपल्या आतल्या परवानग्या घेऊन प्रवास करतो.

गिटची गोष्ट निराळी आहे. गिट नऊ परवानग्यांपैकी फक्त एकच लक्षात ठेवतो: फाइल चालवण्याजोगी आहे की नाही. त्यामुळे त्याच्या सूचीत साध्या फाइलीपुढे १००६४४ किंवा १००७५५ यांपैकी एकच आकडा असतो. माझ्या एक्स्टेन्शनमध्ये हा दोष तीनदा परतला तेव्हा मी दोनदा पॅकेज बांधणारी स्क्रिप्ट दुरुस्त केली होती आणि दोन्ही वेळा ती निर्दोषच होती. तिसऱ्यांदा ‘गिट एलएस-फाइल्स’ ही आज्ञा ‘एस’ या पर्यायासह चालवली तेव्हा स्क्रिप्टपुढे १००६४४ दिसले. मदतीला आलेल्या एका सहकाऱ्याने विंडोजवरून फाइलीचे नाव बदलून ती नव्याने जोडली होती. विंडोजवर गिटचे ‘कोअर-फाइलमोड’ हे सेटिंग बंद असते, त्यामुळे नव्या फाइलीला साधीच परवानगी मिळते आणि बदलांच्या यादीत त्याबद्दल संशय यावा असे काही दिसत नाही. ‘गिट अपडेट-इंडेक्स’ला ‘सीएच-मॉड’ अधिक-एक्स हा पर्याय देऊन तो बिट विंडोजवरूनही लावता येतो. तसा तो लावला आणि त्यानंतर त्या वाटेने दोष आला नाही.

तरीही माझे मत असे झाले आहे की बिटाला एवढा लांबचा प्रवास घडवूच नये. शेवटच्या संगणकावर स्क्रिप्ट तिच्या जागी ठेवणाऱ्या इन्स्टॉलरनेच परवानगी लावावी. ‘इन्स्टॉल’ नावाची आज्ञा ‘एम’ या पर्यायासह ०७५५ सांगितल्यावर नक्कल करणे आणि परवानगी लावणे ही दोन्ही कामे एका दमात करते. मागच्या टप्प्यांत काहीही गळले तरी मग फरक पडत नाही.

याच संदर्भात, स्क्रिप्ट एक्स्टेन्शनच्या पॅकेजातच कोंबून तेथून चालवण्याचा विचारही सोडून द्यावा. फायरफॉक्स एक्सपीआय न उलगडता त्यातूनच फाइली वाचतो, त्यामुळे आतली स्क्रिप्ट डिस्कवर फाइल म्हणून अस्तित्वातच नसते. परवानगी लावणार कशाला? २०१७ साली आलेल्या ५७व्या आवृत्तीपूर्वी जुन्या पद्धतीच्या ॲडऑनांना पॅकेज उलगडून घेण्याची विनंती करता येत असे आणि मग आतील फाइलीला स्वतःच परवानगी लावता येत असे. शोध घेतला तर त्या काळातली उत्तरे आजही वर येतात आणि नव्या माणसाचा दिवस खातात. क्रोम पॅकेज प्रोफाइलच्या फोल्डरात उलगडतो खरा, पण त्या मार्गात आवृत्तीचा क्रमांक असतो. तेथे हाताने परवानगी लावून होस्टचा मार्ग तिकडे वळवला, तर पुढच्या अद्ययावतीकरणाला तो मार्गच नाहीसा होतो. दर आवृत्तीनंतर दोष परतण्याचे हे दुसरे मोठे कारण आहे.

आठवी तपासणी: परवानगी आहे, तरीही नकार

येथपर्यंत सर्व ठीक असून ‘परमिशन डिनाइड’ येत राहिले, तर नकार फाइलीच्या पलीकडून येतो आहे. फाइल ज्या डिस्क-विभागावर आहे तो ‘नो-एक्झेक’ पर्यायाने जोडलेला असू शकतो. ‘फाइंड-एमएनटी’ ही आज्ञा कॅपिटल ‘टी’ पर्यायासह मार्गावर चालवली की ते दिसते. अशा विभागावर सीएच-मॉड यशस्वी होते, एक्सही दिसतो, आणि स्क्रिप्ट चालत नाही. ती दुसऱ्या विभागावर हलवणे हाच सोपा मार्ग आहे.

मॅकवर ब्राउझरने उतरवलेल्या फाइलीला क्वारंटाइनची, म्हणजे बाहेरून आल्याची, खूण चिकटते. ‘एक्स-ॲटर’ ही आज्ञा ती दाखवते आणि काढूनही टाकते. मात्र ज्या फाइलीचा उगम तुम्हाला खात्रीने ठाऊक आहे तिच्यावरूनच ही खूण काढावी.

उबुंटूच्या २१.१० पासून फायरफॉक्स स्नॅपच्या, म्हणजे बंदिस्त पॅकेजाच्या, रूपात येतो. स्नॅपमधला किंवा फ्लॅटपॅक या तशाच प्रकारातला ब्राउझर सँडबॉक्सच्या भिंतीआड असतो आणि बाहेरची स्क्रिप्ट स्वतः सुरू करू शकत नाही. त्याला मध्यस्थ पोर्टल लागते. येथे परवानग्यांशी झटापट करण्यापूर्वी सँडबॉक्सविना असलेला ब्राउझर बसवून तेच एक्स्टेन्शन त्यात पाहावे. तेथे चालले तर तुमच्या फाइली निर्दोष आहेत, आणि पुढे काय करायचे हा केवळ कोणता ब्राउझर वापरायचा एवढाच प्रश्न उरतो.

कोठे थांबावे

संगणक कार्यालयाचा असेल तर आठव्या तपासणीच्या आधीच एकदा क्रोमचे ‘पॉलिसी’ पान उघडून पाहा. ‘नेटिव्ह-मेसेजिंग-ब्लॉकलिस्ट’ किंवा ‘नेटिव्ह-मेसेजिंग-यूजर-लेव्हल-होस्ट्स’ अशा नावाचे धोरण तेथे लागू असेल, तर प्रशासकाने हा रस्ता जाणूनबुजून बंद केला आहे. दुसरे धोरण बंद असताना तुमच्या खात्यापुरती केलेली होस्टची नोंद ब्राउझर विचारातच घेत नाही. यावर तुम्ही करण्यासारखे काही नाही आणि आडवाट शोधूही नये. प्रशासकाला होस्टचे नाव, एक्स्टेन्शनचा आयडी आणि स्क्रिप्टचा मार्ग या तीन गोष्टी लिहून कळवाव्यात. सर्व्हरवर एसई-लिनक्सने (लिनक्समधील जादा सुरक्षा-व्यवस्थेने) नकार दिल्याची नोंद ऑडिट लॉगमध्ये दिसली, तर तेथेही हात आखडता घ्यावा. एसई-लिनक्स बंद करून पाहण्याचा सल्ला मिळेल. तो त्या सर्व्हरची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्यालाच अमलात आणू द्यावा.

ब्राउझर एक्स्टेन्शन खराब झाल्याचे किंवा त्याची सही जुळत नसल्याचे सांगत असेल, तर आतील फाइली हाताने दुरुस्त करू नका. एक अक्षर बदलले तरी सही मोडते, आणि परवानग्या बदलून ती जुळत नाही. एक्स्टेन्शन काढून अधिकृत दालनातून पुन्हा बसवावे, आणि तरीही तेच घडले तर ते बांधणाऱ्याला कळवावे.

होस्ट-स्क्रिप्ट आधीच कोणीतरी ७७७ करून ठेवलेली सापडली आणि तो संगणक अनेक जण वापरत असतील, तर आकडा ७५५ करून गप्प बसणे पुरेसे नाही. मधल्या काळात तिच्यात काय बदलले हे परवानगी सांगत नाही. मूळ प्रतीशी ती ओळ न् ओळ ताडून पाहावी, आणि एकाही ओळीचा उलगडा झाला नाही तर ब्राउझर बंद करून, काहीही न पुसता, सुरक्षेचे काम जाणणाऱ्या माणसाला बोलवावे.

मला कळवताना झिपइन्फो, नेमआय आणि स्क्रिप्ट हाताने चालवल्याचा निकाल, या तिन्हींचे आउटपुट मजकूर म्हणून पाठवावे. पडद्याच्या छायाचित्रात परवानग्यांची ती दहा अक्षरेच नेमकी कापली गेलेली असतात.